म्हाताऱ्या रस्त्याची परीक्षा

बंगळूरच्या रस्त्यावर पडलेले नवे डांबर प्रथम काळेभोर दिसते; पुढे ते करडे होत जाते. हा फरक केवळ धुळीचा नव्हे. डांबर हवेतील प्राणवायू शोषीत असते. त्यातील तेलकट अंश कमी होतो आणि अस्फाल्टीन नावाचा जड अंश वाढून डांबर ठिसूळ बनते. सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहराची हवा माणसाला सुखाची खरी. परंतु ऊन डांबराला सोडीत नाही, आणि नैर्ऋत्य मोसमी पावसामागून परतीचा पाऊसही येतो. वठलेल्या डांबराला चिरा पडतात, चिरांतून पाणी शिरते आणि शेवटी तो खड्डा तयार होतो, ज्यात रात्री एखादा दुचाकीस्वार आपटतो.

अशा डांबराला पुन्हा तारुण्य देणारी तेले मिळतात. ती रस्त्यावर शिंपडतात, किंवा खरवडून काढलेल्या जुन्या मालात मिसळतात. (पाया खचलेल्या रस्त्याला अर्थात यातले काहीच लागू पडत नाही.) पण गुण आला, हे ठरवावयाचे कसे?

नेहमीची परीक्षा सुईची. २५ अंश सेल्सिअसच्या डांबरावर १०० ग्रॅम भाराची सुई ५ सेकंद सोडावयाची व ती किती रुतली ते मोजावयाचे. रस्त्याच्या नव्या डांबरात ती सुमारे ६ मिलिमीटर जाते, जुनाट डांबरात कित्येकदा २ मिलिमीटरच. तेल घातल्यावर ती पुन्हा ६ वर आली, की कागदावर रस्ता तरुण झाला! परंतु घासलेट घातले तरीही सुई रुतेलच. ते उडून गेले की डांबर पुन्हा कडक.

एका आकड्यावर विसंबणे किती फसवे, ते बंगळूर विद्यापीठातल्या एका प्रयोगातही दिसते. २००२ साली जस्टो व वीरराघवन यांनी डांबरात टाकाऊ प्लॅस्टिक मिसळून पाहिले. सुई कमी रुतू लागली. म्हणजे तिच्या मते डांबर म्हातारे झाले. खडीसह केलेले मिश्रण मात्र मार्शल परीक्षेत अधिक भार सोसू लागले!

म्हणून उपचार केलेले डांबर मुद्दाम पुन्हा म्हातारे करून पाहावे लागते. १६३ अंशांच्या भट्टीत ते ८५ मिनिटे फिरवितात. मग दाबाच्या पात्रात साधारण १०० अंशांवर २० तास ठेवितात. ही रस्त्यावरील काही वर्षांची नक्कल होय. त्यानंतरही जे लवचीक राहील, त्यालाच गुण आला म्हणावे.

नमुना घेण्यातही एक मेख आहे. रस्त्यातून काढलेला गाभा द्रावकात विरघळविला की वरचे तेल व खालचे कोरडे डांबर आपोआप एकजीव होतात. प्रत्यक्षात शिंपडलेले तेल वरच्या काही मिलिमीटरांपलीकडे क्वचितच उतरते. तेव्हा गाभ्याच्या पातळ चकत्या करून प्रत्येकीची परीक्षा निराळी घ्यावी. तेलाने रस्ता निसरडा झाला का, तेही लोलकाच्या यंत्राने पाहावे.

आणि त्याच रस्त्याचा एक तुकडा उपचाराविना राखावा. लोक त्याविषयी तक्रार करतील; कंत्राटदाराला तर तो मुळीच नको असेल. परंतु दोन पावसाळे उलटल्यावर बिल मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला दोन्ही तुकड्यांवरच्या चिरा शेजारी शेजारी मोजता येतील.