सुरक्षितता आराखड्यापासून

ठाण्यात खोपटजवळच्या वागळे इस्टेटमधील कारखानदारांना 1948च्या कारखाना अधिनियमामुळे यंत्राच्या फिरत्या भागांना संरक्षक जाळी बसवण्याचा नियम परिचित आहे. परंतु केंद्रीय अवजड उद्योग मंत्रालयाने ऑगस्ट 2024मध्ये काढलेल्या आदेशाने पंप, कॉम्प्रेसर, क्रेन आदींच्या निर्मात्यांवर भारतीय मानक ब्यूरोच्या प्रमाणनाचे बंधन घातले, आणि त्याच्या अंमलबजावणीची तारीख नंतर 1 सप्टेंबर 2026 अशी पुढे नेण्यात आली. या प्रमाणनासाठीच्या आयएस 16819 या मानकानुसार आधी जोखीम-मूल्यांकन, म्हणजे धोका कुठे व किती गंभीर याचा पद्धतशीर अंदाज, करावे लागते. मग धोका आराखड्यातच टाळायचा, न टळल्यास संरक्षक उपाय करायचे, उदाहरणार्थ प्रेस-यंत्राला दोन्ही हातांनी दाबायची बटणे द्यायची, आणि सूचनाफलकावर शेवटी विसंबायचे. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटाच असतो! निर्मात्यांनी प्रमाणनाच्या अर्जापूर्वीच रेखाचित्रे आणि चाचणी-अहवाल जुळवून ठेवावेत.