काचेच्या पेटीतले मासे आणि जांभ्याचे पाणी

ईदीच्या पैशांतून मुले काय काय घरी आणतात! आमच्या कोकणातल्या घरांत आता त्यात माशांच्या काचेच्या पेटीची भर पडली आहे. पंधरा दिवस घरभर कौतुक चालते. मग एका सकाळी एक मासा उलटा होऊन वर आलेला दिसतो, दोन दिवसांनी दुसरा. मुले रडतात आणि घरातली मोठी माणसे दुकानदाराला दोष देतात. कधी तो दोष खराही असतो. पण दापोली-खेडपासून राजापूर-सावंतवाडीपर्यंतच्या घरांत आम्ही आधी नळाच्या पाण्याकडे बोट दाखवू.

कोकणचा जांभा म्हणजे युगानुयुगांच्या पावसाने धुऊन निघालेला खडक. त्यातला चुना केव्हाच वाहून गेला, लोह आणि ॲल्युमिनियम तेवढे मागे राहिले. अशा खडकातून झिरपून विहिरीत येणारे पाणी मऊ आणि बहुधा किंचित आम्ल असते. स्वयंपाकघरात हे पाणी गुणाचे. डाळ लवकर शिजते, साबणाचा फेस जाता जात नाही, पातेल्याच्या तळाला पांढरा थर धरत नाही. सोलापूरकडून कोकणात आलेल्या सुनेला हा फरक पहिल्याच आठवड्यात कळतो. माशांच्या पेटीत मात्र हाच गुण अंगाशी येतो.

पाण्याची आम्लता पीएच या मापाने मोजतात. ७ म्हणजे मध्यम, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कधर्मी. यात एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. पण आमच्या मते या आकड्यापेक्षा पाण्याची क्षारता महत्त्वाची. दुकानात तिला केएच म्हणतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. पेटीतले उपयोगी जिवाणू त्याचे रूपांतर आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये करतात, आणि हे करताना आम्ल तयार होते. क्षारता असलेले पाणी ते आम्ल पचवते. मऊ पाण्यात पचवायला काही नसतेच, म्हणून पेटी भरताना साडेसहा असलेला पीएच काही आठवड्यांत साडेपाचवरही उतरू शकतो.

उपाय करण्याआधी मोजून घ्यावे. थेंब टाकून रंग पाहण्याची पीएचची आणि केएचची किट मासे विकणाऱ्या दुकानात मिळतात. ताजे पाणी लगेच मोजावे, आणि त्यातलेच बादलीभर पाणी हवेच्या पंपाखाली चोवीस तास ठेवून पुन्हा मोजावे. विहिरीच्या व बोअरच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तो उडून गेला की पीएच कित्येकदा आपोआप वर येतो. खरा आकडा हा दुसरा.

मासे कोणते आहेत, हेही पाहावे. निऑन टेट्रा, एंजल, गुरामी, फायटर यांना थोडे आम्ल पाणी चालते. त्यांच्यासाठी साडेसहाचा पीएच ओढून वर नेण्याची गरज नाही. तो स्थिर राहिला की झाले. गप्पी, मॉली आणि गोल्डफिश यांना मात्र सात ते आठच्या दरम्यानचे, क्षार असलेले पाणी लागते. आणि घरोघरी मुले निवडतात ती नेमकी गप्पी आणि गोल्डफिशच!

परदेशी पुस्तकांत यावर प्रवाळाचा चुरा सांगितलेला असतो. आपल्याकडे प्रवाळाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे, त्यामुळे किनाऱ्यावरून ते उचलून आणू नये. त्याची गरजही नाही. कालवांची आणि तिसऱ्यांची शिंपले आपल्या घरात जेवणानंतर फेकली जातात. तीही कॅल्शियम कार्बोनेटचीच असतात. ती घासून, उकळून, दोन-तीन पाण्यांनी मीठ व मसाला पूर्ण काढून उन्हात वाळवावीत. मग जाडसर फोडून जाळीच्या पिशवीत बांधावीत आणि पाणी खेळते त्या फिल्टरमध्ये ठेवावीत. पन्नास लिटरच्या पेटीला सुरुवातीस मूठभर पुरे. पाणी आम्ल असेल तेव्हा शिंपले विरघळतात, पीएच सातच्या वर गेला की जवळजवळ थांबतात. म्हणजे प्रमाण थोडे चुकले तरी धोका कमी. परिणाम दिसायला मात्र आठवडा-दोन आठवडे लागतात.

एवढा धीर नसेल तर खाण्याचा सोडा आहे. पन्नास लिटर पाण्यात एक सपाट चमचा सोडा घातला तर केएच साधारण चार अंशांनी वाढतो. पण तो एकदम घालायचा नाही. रोज पाव चमचा मगभर पाण्यात विरघळवून, थोडा थोडा करत ओतावा आणि दुसऱ्या दिवशी मोजावे. दिवसाला पीएच ०.२ ते ०.३ पेक्षा जास्त चढता कामा नये. डबा नीट वाचून घ्यावा: बेकिंग पावडर नको, धुण्याचा सोडा नको, पोटासाठीचे फ्रूट सॉल्ट नको. पानाचा चुना तर मुळीच नको. त्याच्या चिमटीने छोट्या पेटीतल्या पाण्याचा पीएच माशांना सोसणार नाही इतका उसळतो. दुकानातल्या ‘पीएच वाढवा’च्या बाटल्यांवर आमचा फारसा भरवसा नाही. त्यांनी आकडा रात्रीत चढतो, पण क्षारता नसेल तर दोन दिवसांत पुन्हा घसरतो, आणि ही चढउतारच माशांना मारते.

सर्वांत मोठा धोका जुन्या, बरेच दिवस पाणी न बदललेल्या पेटीत असतो. पीएच सहाच्या खाली गेला की उपयोगी जिवाणूंचे काम मंदावते आणि अमोनियाचा साठा वाढू लागतो. आम्ल पाण्यात तो बहुतांशी अमोनियमच्या रूपात असतो आणि त्या रूपात माशांना फारसा बाधत नाही. पंचवीस अंश तापमानाला पीएच ७ असताना त्यातला शंभरात एक भागही विषारी नसतो. पीएच ८ झाला की सुमारे पाच भाग विषारी होतात. म्हणजे मासे सुस्त दिसतात म्हणून कोणी काळजीने चमचाभर सोडा टाकला, तर सकाळपर्यंत अख्खी पेटी मेलेली सापडू शकते. अशा पेटीत आधी अमोनिया मोजावा, दोन दिवस खाणे बंद ठेवावे, रोज दहावा हिस्सा पाणी बदलावे. अमोनिया उतरला की मगच शिंपल्यांची पिशवी ठेवावी.

पेटी मार्गाला लागली की आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलावे. जुम्याचा दिवस ठरवला तर मुलांच्या लक्षात राहतो. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर पडते, तिचा क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतो. म्हणून नवे पाणी आदल्या दिवशीच रुंद तोंडाच्या बादलीत काढून ठेवावे, किंवा दुकानात ‘हायपो’ म्हणून मिळणारे खडे पाकिटावरच्या प्रमाणात घालावेत. सोडा वापरत असाल तर तो या बादलीतच, नव्या पाण्यापुरता मिसळावा. काढलेले पाणी अळूच्या वाफ्याला घालता येते; सोड्याचे असेल तर रोज एकाच कुंडीत ओतू नये. आणि पिशवीतली शिंपले दर महिन्याला हलक्या हाताने धुऊन, झिजून पातळ झाली की बदलावीत.