जॉयस्टिकमधला न दिसणारा उजेड

१९९३ साली कॅपकॉम या जपानी कंपनीचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा गेम आला आणि आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये तो ‘मुस्तफा’ याच नावाने ओळखला जाऊ लागला. नाणं टाकायचं, एका हाताने बटणं बडवायची आणि दुसऱ्याने जॉयस्टिक अशी ओढायची की अख्खी पेटी हलावी. या ओढाताणीत लवकर जायचे ते मायक्रोस्विच. जॉयस्टिकच्या खाली चार दिशांना असे चार स्विच असतात. लिव्हर कलली की त्यातला एक दाबला जातो, ‘टक’ आवाज होतो आणि आत धातूला धातू टेकतो. टेकून टेकून तो झिजतो, काळा पडतो. मग पोरगं जीव खाऊन डावीकडे ओढतं आणि पडद्यावरचा मुस्तफा जागचा हलत नाही.

ऑप्टिकल जॉयस्टिकने हा धातूचा स्पर्शच काढून टाकला. कल्पना तशी जुनी: विल्यम्स कंपनीच्या १९८३ सालच्या ‘सिनिस्टार’ला लिव्हरच्या ४९ जागा ओळखणारी ऑप्टिकल जॉयस्टिक होती. साध्या चार दिशांच्या प्रकारात प्रत्येक दिशेला एक खाचेचा सेन्सर असतो. खाचेच्या एका भिंतीत इन्फ्रारेड एलईडी, समोरच्या भिंतीत तो उजेड टिपणारा फोटोट्रान्झिस्टर. लिव्हरच्या खालच्या टोकाची प्लॅस्टिकची पट्टी खाचेत शिरली की प्रकाश अडतो, बाहेर सरकली की पोहोचतो. तेवढ्यावरून सर्किटला दिशा कळते.

या उजेडाला मात्र वीज लागते, आणि बहुतेक घोळ तिथेच होतो. मायक्रोस्विचच्या जॉयस्टिकला चार दिशांच्या चार तारा आणि एक ग्राउंड पुरते. ऑप्टिकलला वरून ५ व्होल्टची सहावी तार हवी. जुनी काढून नवी बसवताना ती राहून गेली, की नवी कोरी जॉयस्टिक ‘मेलेली’ ठरते.

म्हणून चारही दिशा एकदम बंद असतील, तर सेन्सरला हात लावू नये. आधी मल्टिमीटर घ्यावा आणि गेम चालू ठेवून जॉयस्टिकच्याच कनेक्टरवर व्होल्टेज मोजावं. पॉवर सप्लायपाशी ५ आणि इथे ४.७५ च्याही खाली, असं दिसलं तर दोष तारेत किंवा सैल पिनेत आहे. एकच दिशा रुसली असेल, तर त्या दिशेच्या तारेवर मीटर ठेवून लिव्हर हलवावी. आकडा शून्याजवळून पाचाजवळ उडी मारायला हवा. तो दोनच्या आसपास घुटमळला, तर उजेड कमी पडतोय.

एलईडी जळाला की नाही, हे मोबाइलचा कॅमेरा सांगतो. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड पडद्यावर फिकट जांभळा दिसतो. काही कॅमेऱ्यांना तो दिसत नाही, म्हणून आधी टीव्हीच्या रिमोटवर खात्री करावी, मग खाचेत तिरकं पाहावं.

बीड जिल्ह्यासारख्या भागात या जॉयस्टिकची खरी परीक्षा उन्हाळ्यात होते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या बंद पेटीत तो आणखी चढतो. उष्णतेने एलईडीचा उजेड मंदावतो, उलट फोटोट्रान्झिस्टरमधून अंधारातही थोडा जास्त प्रवाह झिरपू लागतो. दोन्हींमुळे उजेड-अंधारातला फरक पुसट होतो. त्यात धुळीचा थर. सकाळी नीट चालणारी जॉयस्टिक दुपारी बिथरली, तर पेटीचा पंखा आणि सेन्सरची खाच आधी पाहावी. पेटीच्या फटीतून थेट ऊन येत असेल तर तेही बंद करावं, कारण सूर्यप्रकाशातही इन्फ्रारेड असतो आणि फोटोट्रान्झिस्टर त्यालाच एलईडी समजतो.

खाच पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा पुरतो. तेलाचा स्प्रे तिथे कधीही मारू नये. तेलकट थर धूळ धरून ठेवतो. ग्रीस फक्त लिव्हरच्या सांध्याला, तेही जरासंच.

सेन्सरच गेला असेल, तर पुण्याच्या बुधवार पेठेतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग येईपर्यंत थांबायलाच हवं असं नाही. भंगारातल्या प्रिंटरमध्ये असेच खाचेचे सेन्सर सापडतात. फक्त खाचेची रुंदी आणि पायांचा क्रम जुळवून घ्यावा. एलईडीचा रेझिस्टर मात्र गाळू नये: ५ व्होल्टवर २२० ओहमचा रेझिस्टर लावला, तर साधारण १७ मिलिअँपिअर प्रवाह जातो, आणि अशा बऱ्याच एलईडींना तो चालतो. डाग दिल्यावर गेमचा टेस्ट मोड उघडावा आणि लिव्हर हळूहळू आठही बाजूंना फिरवावी. कोपऱ्यात दोन दिशा एकदम उमटल्या आणि लिव्हर सोडताच दोन्ही विझल्या, की पेटीचं झाकण लावायला हरकत नाही.