सहा तासांचं औषध

मामींचा बोन स्कॅन झाला आणि निघताना त्यांना बजावलं गेलं, "आज नातवाला मांडीवर घेऊ नका." का, ते कुणी सांगितलं नाही. त्या रात्रभर वेगळ्या खोलीत, भेदरून. असं काय टोचलं, हे बघायला मी परवानगी काढून एका न्यूक्लिअर मेडिसिन विभागात गेलो.

शिशाच्या विटांच्या आडोशामागे डब्याएवढा जनरेटर. "थांबा, आधी दूध काढते," टेक्नॉलॉजिस्ट ताई म्हणाल्या. आत अॅल्युमिनावर मॉलिब्डेनम-९९ धरून ठेवलेलं असतं. अणुभट्टीत युरेनियमचा अणू न्यूट्रॉन लागून दुभंगतो, त्याच्या तुकड्यांतला हा एक. ६६ तासांत त्याचा अर्धा भाग बीटा कण टाकून संपतो आणि बहुतेक अणूंचं टेक्नेशियम-९९एम होतं. ताईंनी एका सुईवर सलाइनची बाटली लावली, दुसरीवर शिशाच्या कवचातली निर्वात कुपी. सलाइन आपोआप ओढलं गेलं, येताना टेक्नेशियम घेऊन आलं: हेच ते दूध. रंग नाही, वास नाही. मग त्यात मॉलिब्डेनम उतरलं नाही ना, याची तपासणी.

"आता सहा तास," ताई घड्याळाकडे बघत म्हणाल्या. सकाळी सातला वीस मिलिक्युरी असेल तर दुपारी एकला दहा, संध्याकाळी सातला पाच. डोस भरताना त्यांचे हात झरझर चालत होते. कमी वेळ, जास्त अंतर, मध्ये शिसं: त्यांचं सारं शास्त्र एवढंच. कोटावर किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज, बोटात तसलीच अंगठी. घाबरलेल्या पेशंटला शांत करण्याचं काम मात्र कुठल्याच बॅजवर मोजलं जात नाही.

टेक्नेशियम हे माणसाने कृत्रिमरीत्या मिळवलेलं पहिलं मूलद्रव्य, १९३७ सालचं. त्याचं हे रूप जवळजवळ निव्वळ गॅमा किरण सोडतं. ते शरीराबाहेर पडतात, कॅमेरा ते टिपतो आणि हाडातली खोड दिसते. दुसऱ्या सकाळी सोळावा हिस्साही उरत नाही. बरंचसं तर लघवीवाटेच गेलेलं असतं. मामींना दोन मिनिटं काढून एवढं सांगायला हवं होतं. दारावरचा पिवळा त्रिकोण माणसाला नुसता घाबरवतो.

"उशिरा आलेले लोक ट्रॅफिकचं कारण सांगतात," ताई म्हणाल्या. "सहा तासांना ट्रॅफिक कळत नाही."

तुमचा स्कॅन ठरला असेल तर वेळेवर पोचा. गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर सुई टोचण्याआधी सांगा.