पडलेल्या फणसाचा मांडव

मैत्रिणींनो, परसदारी मांडव म्हटला की आम्हां कोकणातल्या बायकांच्या डोळ्यांपुढे येतात ते चार पोफळीचे खांब, वर झावळ्या आणि खाली वाळत घातलेली आमसुले. दिवाळीनंतर घालायचा आणि पावसाच्या आधी उतरवायचा. दापोलीला लग्न होऊन आल्यापासून मीही तसाच मांडव पाहत आले. पण आज ज्याच्याबद्दल लिहिते आहे तो उतरवायचा मांडव नाही. चार लाकडी खांब, तुळया, वर मंगलोरी कौले, भिंत एकही नाही. आणि तो उभा राहायला जवळजवळ तीन वर्षे लागली. तुम्ही म्हणाल, तीन वर्षांत बाई बंगला बांधून होतो! ऐका तर खरे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला ते जमिनीवर चढले आणि आमच्या दापोली-मंडणगडाची त्याने दैना केली. आमच्या घरावरची निम्मी कौले गेली आणि विहिरीजवळचा जुना फणस मुळासकट आडवा झाला. कौलांचे दुःख पैशांचे होते. फणसाचे तसे नव्हते. नारळ सोलणे, भाजी निवडणे, नातवंडांना उन्हात न्हाऊ घालणे, दुपारी जरा पाठ टेकणे, सासूबाईंचे सारे त्या झाडाखाली. झाड पडल्यावर त्या परसात जाईनाशा झाल्या. मागचे दार उघडे दिसले की तोंड फिरवून माजघरात जायच्या. ओरडल्या असत्या, रडल्या असत्या तर बरे वाटले असते.

आठ दिवसांत एक लाकूडवाला आला. ‘पडलेलं झाड, न्यायचा खर्चच जास्ती,’ असे म्हणत त्याने पाच हजार सांगितले. यांनी जवळजवळ हो म्हटले होते, कौलांना पैसे हवेच होते. मी मध्ये पडले. खरे सांगते, मला तेव्हा मांडवबिंडव काही सुचला नव्हता. नुसते वाटले, इतक्यात नको. त्यावरून आमचे दोघांचे चांगले वाजले, पण लाकूडवाला परत गेला.

मांडव सुचला तो निराळ्याच अडचणीतून. मी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. शाळा बंद म्हणजे तास नाहीत, आणि तास नाहीत म्हणजे पगार नाही. शिकवणीला मुले यायला तयार होती, पण त्या दिवसांत बंद खोलीत कुणाच्या मुलांना बसवणार? मोकळी हवा हवी आणि डोक्यावर छप्पर हवे. एका सकाळी पडलेल्या बुंध्यावर बसून चहा पीत होते, तेव्हा मनात आले की छप्पराला लागते ते लाकूड तर मी बुडाखाली घेऊन बसले आहे.

पण ओले लाकूड लगेच चालत नाही, हा पहिला धडा. वाळताना ते आखडते, पिळते, फाटते. सुतार सांगतात की जाडीच्या दर इंचाला साधारण वर्ष धरावे. आमचे खांब सहा इंची. म्हणजे सहा वर्षे? सुतारकाका हसले. ‘पुरतं वाळायची वाट बघू नका वहिनी. दोन-तीन उन्हाळे खाल्ले की बास. बाकीचं उभं राहून वाळेल.’ गिरणीतून कापून आणलेले लाकूड आम्ही पडवीच्या मागे सावलीत रचले. जमिनीवर चिरे, त्यांवर लाकडाचा एक थर, मध्ये आडव्या रिपा, मग दुसरा थर, म्हणजे चहूकडून वारा खेळतो. उन्हात ठेवायचे नाही. आणि टोकांना जुना ऑइलपेंट फासायचा, कारण लाकूड सर्वांत लवकर सुकते ते टोकाकडून आणि तिथूनच चिरते.

गिरणीवर न्यायच्या आधी एक काम मात्र विसरू नका. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यात साग, ऐन, किंजळ, आंबा यांच्याबरोबर आपला घरचा फणसही आहे. नगरपालिका-नगरपंचायतीच्या हद्दीत वर १९७५ चा झाडांचा कायदा आहे. झाड वाऱ्याने पडले तरी पंचनाम्याची प्रत घेऊन वनखात्याच्या कचेरीत विचारावे आणि मगच लाकूड हलवावे. कायमचे छप्पर म्हणजे बांधकाम, म्हणून नगरपंचायतीतही अर्ज केला. कागदांना किती फेऱ्या पडल्या ते सांगत बसत नाही.

फणसाचे गाभ्याचे लाकूड काय सुंदर असते! ताजे कापलेले हळदीसारखे पिवळे, आणि वर्षावर्षाने तांबूस होत जाते. दक्षिणेकडे वीणा आणि मृदंग याच लाकडाचे करतात. गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. पण सालीखालचा पांढरा भाग कीड आवडीने खाते, म्हणून तो सगळा तासून टाकला. एका झाडातून खांब, आखूड तुळया आणि टेकू निघाले. लांब तुळया, आढे आणि वासे एका पाडलेल्या घराचे घेतले. जुने लाकूड घ्याल तर आत मोडून राहिलेले खिळे आधी शोधा. आमच्या सुतारकाकांच्या करवतीचे दोन दात त्यात गेले आणि तो दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत.

आता मुख्य गोष्ट. लाकूड म्हातारे होऊन मरत नाही, पाण्याने मरते. कार्ल्याची लेणी तुम्ही सहलीत पाहिली असतील. तिथल्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी फासळ्या आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. इतका पाऊस पडणाऱ्या डोंगरात त्या टिकल्या, कारण वर अखंड कातळ आहे आणि त्यांच्यापर्यंत पाणी पोचतच नाही. आपल्याकडे कातळ नाही, म्हणून छप्पर खांबांच्या बाहेर दोन फूट चहूकडे काढायचे, आणि खांब जमिनीत पुरायचा नाही. पुरलेल्या खांबाला मातीच्या तोंडाशी ओल लागते आणि नेमका तिथेच तो कुजतो. जांभ्याच्या चिऱ्यांचे जोते, त्यावर प्रत्येक खांबाला दगडी तळखडा आणि त्यावर खांब. वाळवी दगडातून वर येत नाही. यायचेच तर तिला दगडावरून मातीची नळी करत यावे लागते, आणि ती केर काढताना आपल्याला दिसते.

आमचा मांडव एका खणाचा, म्हणजे चार खांबांचा. मोजमाप दहा बाय बारा फूट. तुळई खांबात बसवायची ती अशी: तुळईच्या टोकाला जीभ काढायची, तिला कुसू म्हणतात, आणि खांबात तिच्या मापाचे भोक पाडायचे. मग दोन्हींतून आरपार छिद्र पाडून लाकडी खुंटी ठोकायची. त्यातली गंमत मला फार आवडली. कुसवातले छिद्र खांबातल्या छिद्राच्या अगदी समोर पाडत नाहीत. अर्धा सूत मागे पाडतात. त्यामुळे खुंटी आत जाताना कुसू खेचून घेते आणि सांधा आवळला जातो. पुढे लाकूड आखडले तरी सैल होत नाही. खुंट्या खैराच्या केल्या. करवतीने कापल्या नाहीत, कोयत्याने फोडून काढल्या, म्हणजे लाकडाची रेषा टोकापासून टोकापर्यंत सलग राहते.

खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपे टेकू असतात, सुतारकाका त्यांना ‘हात’ म्हणतात. हे म्हणाले, ‘शोभेचा खर्च कशाला?’ मी खराट्याचे चार हीर टाचण्यांनी जोडून चौकोन केला आणि यांच्या हातात दिला. बोट लावले की तिरपा! मग कोपऱ्यात एक हीर तिरका टोचला. चौकोन हलेना. भिंत नसलेल्या मांडवाला भिंतीचे काम हे टेकूच करतात. सातवीच्या वर्गात हा प्रयोग मी आता दरवर्षी करते.

खरे भांडण पेटले ते लोखंडावरून. यांचा हट्ट, मांडव जमिनीला बोल्टने बांधायचा. सुतारकाकांचा हट्ट, लाकडात लोखंड नको. ‘माझ्या बापानं उभ्या केलेल्या सभामंडपात एक खिळा नाही वहिनी. लोखंड घामेजतं, गंजतं, लाकूड तिथूनच कुजतं.’ त्यांचेही खोटे नव्हते. पण उघड्या छपराखाली वारा शिरला की तो छप्पर वर उचलतो, आणि ते आम्ही २०२० साली डोळ्यांनी पाहिले होते. स्थापत्य शिकलेल्या आमच्या भाच्याने ढोबळ हिशेब करून दाखवला. आमची चारशे कौले म्हणजे जवळजवळ एक टन, लाकूड वेगळे. निसर्गसारख्या वाऱ्यात त्या छपराला खालून बसणारी उचल दीड टनाच्या घरात जाऊ शकते. म्हणजे नुसत्या वजनावर विसंबणे म्हणजे नशिबावर विसंबणे.

सुतारकाका हत्यारांची पिशवी उचलून निघाले. तेव्हा माजघराच्या दारातून सासूबाई बोलल्या. झाड पडल्यापासून त्या लाकडाबद्दल त्यांनी एक शब्द काढला नव्हता. ‘मेस्त्री, नऊवारी माझ्या आईनं बिनपिनेची नेसली. मी नेसते, पण हल्ली खांद्याला एक पीन लावते. पदर पडण्यापेक्षा बरी. तुम्ही पायाशी काय ती पीन लावा, वर लावू नका.’

तसेच ठरले. सांध्यांत लोखंड नाही. फक्त खांबाच्या पायाशी दोन बाजूंना जस्त चढवलेल्या पट्ट्या, खाली काँक्रीटच्या पायात रुतवलेल्या, आणि आरपार दोन बोल्ट. कौले एकाआड एक ओळीने जस्ताच्या तारेने रिपांना बांधली. मंगलोरी कौलाला त्यासाठी मुळातच भोक असते, आपण वापरत नाही एवढेच.

एप्रिल २०२३ मध्ये मांडव उभा केला. दोन खांब, वर आखूड तुळई आणि तिचे ‘हात’ अशी चौकट आधी जमिनीवर जोडली. आळीतली आठ माणसे, दोर आणि बांबू. चौकट उठताना लाकूड कुरकुरते, तो आवाज ऐकून माझ्या पोटात गोळा आला. दुसरी चौकट उठली, लांब तुळया चढल्या आणि शेवटची खुंटी राहिली. सासूबाई मागच्या दाराच्या उंबऱ्यावर उभ्या होत्या. सुतारकाकांनी काही न बोलता मोगरी त्यांच्यापुढे धरली. त्या खाली उतरल्या. खांबावर हात ठेवून जरा वेळ तशाच राहिल्या. मग म्हणाल्या, ‘हा विहिरीकडच्या फांदीचा ना?’ सुतारकाका हो म्हणाले. त्यांना ते ठाऊक असणे शक्य नव्हते. सासूबाईंनी चार ठोके मारले, पाचवा माझ्याकडून मारवला.

आता माझ्या चुका. पाऊस तिरपा येतो म्हणून मी उंची अर्धा फूट कमी करायला लावली. बसायला जागा हवी म्हणून जोते खांबांच्या बाहेर दीड फूट काढलेले, आणि वळचण बरोबर त्याच्या कडेवर, पाच फूट आठ इंचांवर. हे आहेत पाच फूट नऊ इंच. पुढचे तुम्ही ओळखले असेलच. घरातल्या सर्वांत उंच माणसाच्या डोक्यावर उघडी छत्री धरून माप घ्या, ही माझी अनुभवाची सूचना.

दुसरी चूक जिवावर बेतली असती. लाकडाला बेलतेलाचे दोन हात दिले आणि तेलाच्या चिंध्या बोळा करून टोपलीत टाकल्या. तासाभराने जळका वास आला म्हणून पाहिले तर बोळ्यातून धूर! जवसाचे तेल वाळताना आपोआप तापते, आणि घडीत ती उष्णता कोंडून पेट घेते. तशा चिंध्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात किंवा एकेक उलगडून मोकळ्यावर वाळत घालाव्यात. ही गोष्ट फर्निचर पुसणाऱ्या प्रत्येकीने ध्यानात ठेवावी.

पहिल्याच उन्हाळ्यात एका खांबाला वरपासून खालपर्यंत तडा गेला. मी घाबरून सुतारकाकांना बोलावले. त्यांनी तड्यात नख घातले आणि चहा मागितला. रेषेच्या दिशेने गेलेला तडा वाळण्याचा असतो, त्याने खांब कमकुवत होत नाही. आडवा गेला तरच बोलवा, म्हणाले.

खर्च झाला १ लाख १८ हजार. त्यातले ४१ हजार माझ्या तासिकांचे आणि शिकवणीचे. ‘तेवढ्यात स्वयंपाकघराचा ओटा नवा झाला असता,’ असे माझ्या माहेरी म्हटले गेले. झाला असता खरा. जुन्या ओट्याची फरशी अजून हलते.

संध्याकाळी मांडवात अकरा मुले बसतात. दुपारी तो सासूबाईंचा असतो, तेव्हा तिथे कुणी वह्या ठेवल्या तर त्या त्या उचलून पडवीत आणून ठेवतात. दर मे महिन्यात पहिल्या पावसाआधी बोल्ट आवळायचे, तारा पाहायच्या, तळखड्याभोवती साचलेला पाला काढायचा. पाना न्हाणीघराच्या खिडकीत टांगलेला असतो. ते काम यांच्याकडे आहे, आणि त्या दिवशी कपाळाला लावायला हळदही तिथेच ठेवलेली असते.