किती पाण्यात उतरावे?

पावसाळा लागला की आपल्या भागातील वर्तमानपत्रांत एक शब्द रोज दिसू लागतो : क्युसेक. अमुक धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग, तमुक नदीची पातळी इतके फूट. आपण ते वाचतो, “बाप रे, बरंच पाणी सोडलंय!” असे म्हणतो आणि पान उलटतो. परंतु आता आमच्या वर्गातील पुष्कळांना रबरी तराफ्यातून नदी उतरण्याची, म्हणजे राफ्टिंगची, हौस लागली आहे. बेळगावहून पाहिले तर एकीकडे गणेशगुडीची काळी नदी, घाटाखाली सत्तरीतली म्हादई आणि जरा लांबचा प्रवास केला तर कोलाडची कुंडलिका. जाणारे सगळे विचारतात : खर्च किती? जेवण मिळते का? फोटो काढून देतात का? त्या दिवशी पाणी किती असेल, हे मात्र कोणी विचारत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने सर्वांत आधी विचारायचा प्रश्न तोच आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. तेव्हा थोडा हिशेब येणारच, त्याला इलाज नाही.

क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट पाणी. लिटरमध्ये सांगायचे तर सुमारे २८.३ लिटर, म्हणजे दोन मोठ्या बादल्यांहूनही थोडे कमी. नदीची रुंदी, सरासरी खोली आणि पाण्याचा वेग यांचा गुणाकार केला की क्युसेक मिळतात. समजा, नदी ६० फूट रुंद, ३ फूट खोल आणि वेग सेकंदाला ४ फूट. म्हणजे ७२० क्युसेक. आता पाऊस झाला आणि पाणी दोनच फूट चढले. खोली ५ फूट झाली, पात्र पसरून ७० फूट झाले आणि वेग ६ फुटांवर गेला. गुणाकार करा : २१०० क्युसेक! काठावरून पाहणाऱ्याला दोन फूट वाढलेले दिसते. पाणी मात्र जवळजवळ तिप्पट झालेले असते.

एवढ्यावर भागत नाही. वाहत्या पाण्याचा अंगावरचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. वरच्या उदाहरणात वेग दीडपट झाला, म्हणून जोर सव्वादोनपट. मी मामाच्या गावच्या विहिरीत कमरेला भोपळा बांधून पोहायला शिकले. आमच्यातील बहुतेकांचे पोहणे असेच, उभ्या पाण्यातले. साधा पोहणारा सेकंदाला फार तर तीन-साडेतीन फूट जातो. सहा फूट वेगाच्या पाण्याविरुद्ध त्याचे काय चालणार? “मला पोहता येतं” हे वाक्य तेथे फारसे कामाचे नाही.

मग पाणी जितके कमी तितके बरे, असे कोणी म्हणेल. तेही पूर्ण खरे नाही. पाणी फारच उतरले की पात्रातले दगड उघडे पडतात. तराफा अडकतो, घासतो, कधी दगडावर आडवा बसतो. पाण्यात पडलेला माणूस गुडघाभर पाणी पाहून उठून उभा राहू बघतो आणि पाय दोन दगडांच्या फटीत अडकला की मागून येणारे पाणी त्याला पुढे पाडते. म्हणून मार्गदर्शक बजावून सांगतात की धावत्या पाण्यात उभे राहू नका. उताणे व्हा आणि पाय पुढे, वर ठेवून वाहत जा.

पाणी फार झाले की दगड बुडतात आणि नवख्याला वाटते, नदी सोपी झाली. वास्तविक धोका पाण्याखाली गेलेला असतो. बुडालेल्या मोठ्या खडकावरून पाणी खाली पडते, तेथे ते उलटे फिरते आणि त्या खळग्यात तराफा धरून ठेवते. खडकांच्या आड एरवी जे थांबलेले पाणी असते, जेथे तराफा बाजूला घेऊन दम खाता येतो, ते नाहीसे होते. दोन खळाळांच्या मधले शांत डोहही भरून वाहू लागतात आणि दोन लहान खळाळांचा एक लांबलचक खळाळ होतो. पाणी काठावरच्या झाडांत शिरते. फांद्यांमधून पाणी पार जाते, माणूस मात्र अडकून राहतो.

खळाळांना अवघडपणाप्रमाणे एक ते सहा अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी देतात. नवख्यांना मार्गदर्शकाबरोबर दोन आणि तीन श्रेणीच्या पाण्यात नेतात. परंतु ही श्रेणी खळाळाला कायमची चिकटवलेली पाटी नव्हे. नेहमीच्या पाण्याला जो तिसऱ्या श्रेणीचा, तो पुरात चौथ्या किंवा पाचव्या श्रेणीचा होऊ शकतो. जाहिरातीत श्रेणी छापलेली असते. ती कोणत्या पाण्याची, हे आपणच विचारले पाहिजे.

आता पाणी येते कोठून, हेही पाहू. म्हादई आपल्याच खानापूर तालुक्यात उगम पावते आणि घाट उतरून गोव्यात जाते. तेथील राफ्टिंग पावसाळ्यातले, म्हणजे नदी पावसाच्या भरवशावर. अशा आखूड आणि उतारावरच्या नदीचे पाणी काही तासांत चढते. वाळपईला ऊन पडले असले तरी वर घाटमाथ्यावर रात्रभर पाऊस कोसळलेला असू शकतो. म्हणून आपल्या डोक्यावरचे आभाळ पाहून उपयोग नाही. उगमाकडचे आभाळ पाहावे लागते. चढते पाणी हे उतरत्या पाण्याहून नेहमी वाईट, कारण ते काठावरची झाडेझुडपे, ओंडके सोबत घेऊन येते आणि आणखी किती चढणार हे कोणालाच ठाऊक नसते. पातळी तीच, पण उतरती असेल तर गोष्ट निराळी.

काळी आणि कुंडलिका यांची तऱ्हा वेगळी. काळीवर सुपा धरण आहे आणि त्याच्या पायथ्याशी १०० मेगावॅटचे वीजघर. कुंडलिकेत मुळशीचे पाणी येते. ते सह्याद्रीवरून खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरते आणि तेथून नदीत सुटते. भिऱ्याचे हे वीजघर १९२७ पासूनचे. अशा नद्यांवर पाण्याचा पुरवठा विजेच्या मागणीवर ठरतो. अर्थशास्त्राच्या तासाला शिकलेली मागणी आणि पुरवठा येथे प्रत्यक्ष वाहताना दिसते! जनित्र चालू असेल तर ठरावीक पाणी, बंद असेल तर नुसते दगड. नवख्याला हे सोयीचे, कारण आज किती पाणी मिळणार याचा अंदाज आधी देता येतो.

पण याच नद्यांत दुसरा धोका असतो. आभाळ निरभ्र असताना पाणी अचानक वाढते. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी सहलीत फोटो काढत उभे होते. वरच्या लारजी धरणातून पाणी सुटले आणि २४ विद्यार्थी व त्यांच्यासोबतचा एक सहल संयोजक वाहून गेले. ते तराफ्यातही नव्हते, नुसते दगडांवर उभे होते. आपल्याच वयाची ही मुले. आमच्या गल्लीत “पाणी सुटलं” किंवा “नीर बिट्टार” अशी हाक आली की बायका घागरी घेऊन नळाकडे धावतात. नदीच्या पात्रात तीच हाक ऐकली तर धावायचे ते काठाकडे.

काही जण म्हणतात, “धोक्याची पातळी ओलांडली नाही ना? मग झालं!” हा मोठा गैरसमज आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानतात. २०१९ च्या महापुरात ती ५५ फुटांच्या वर गेली होती. हे आकडे काठावरच्या गावांसाठी आहेत : घरांत पाणी केव्हा शिरेल, माणसे केव्हा हलवायची, यासाठी. तराफ्यातल्या नवख्यासाठी नदी त्याच्या कितीतरी आधी नको तितकी मोठी झालेली असते. ऋषिकेशला गंगेवरचे राफ्टिंग जुलै-ऑगस्टमध्ये बंद ठेवतात, ते उगीच नव्हे.

बंधाऱ्यांचेही सांगितले पाहिजे. आपल्या भागात जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. त्यावरून पाणी एकसारख्या धारेत पडत असले की फार सुंदर दिसते. मुले तेथे पोहायलाही जातात. पण या पडणाऱ्या पाण्याच्या पायथ्याशी काठापासून काठापर्यंत उलटे फिरणारे पाणी तयार होते. त्यात सापडलेली वस्तू पुनःपुन्हा बंधाऱ्याकडे ओढली जाते. निसर्गाच्या खळाळात बाजूने सुटायला वाट असते, येथे ती नसते. मार्गात बंधारा असेल तर त्याच्या पुष्कळ आधी काठाला लागावे. पाणी कमी असो वा जास्त.

गेल्या जुलैमध्ये आम्ही सहा जणांनी कोकणातील एका नदीवर जायचे ठरवले होते. प्रत्येकी पाचशे रुपये आगाऊ भरलेही. आदल्या दोन दिवशी घाटमाथ्यावर पावसाने झोड उठवली. मी बुकिंग घेणाऱ्या एजंटाला फोन केला. “या हो ताई, जास्त पाणी म्हणजे जास्त मजा!” पाणी चढते आहे की उतरते आहे, एवढेच मी विचारले. त्याचे उत्तर मिळाले नाही. पैसे परत मिळणार नाहीत, हे मात्र लगेच कळले. आमच्यात बराच वाद झाला. तीन हजार रुपये फुकट घालवायचे का? मी म्हटले, आपण वर्गात बुडीत खर्च शिकलो ना? गेलेला पैसा जाऊनही गेलेला आणि न जाऊनही गेलेला. पुढचा निर्णय त्याच्याकडे बघून घ्यायचा नसतो. आम्ही गेलो नाही. दोघे मित्र महिनाभर माझ्याशी धड बोलत नव्हते.

दिवाळीनंतर तेच सहा जण काळीवर गेलो. पाणी मध्यम होते, आणि वर एकच जनित्र चालू असल्याचे मार्गदर्शकाने न विचारता सांगितले. एका खळाळात आमच्यातील सर्वांत धिप्पाड गडी तराफ्यातून उडाला. खाली लगेच शांत डोह होता. तो वाहत तेथे आला आणि अर्ध्या मिनिटात त्याला वर ओढून घेतले. तो हसत होता. तेच पाणी दुप्पट असते तर तो डोह डोह राहिला नसता, हे तेव्हा सगळ्यांच्याच लक्षात आले.

तेव्हा ज्यांना जायचे असेल त्यांनी जरूर जावे, पण निघण्यापूर्वी पाच गोष्टी विचाराव्यात. आज पाणी किती, आणि या टप्प्यासाठी ते कमी, मध्यम की जास्त? नुसता क्युसेकचा आकडा पुरत नाही; रुंद नदीतले थोडे पाणी अरुंद नदीत पूर होऊन जाते. चढते आहे की उतरते? पाणी पावसाचे की धरणाचे, आणि धरणाचे असेल तर सोडण्याची वेळ कोणती? खळाळाखाली शांत पाणी आहे का? आणि पाणी वाढले तर सहल रद्द करून पैसे परत देणार का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जो चटकन “हो” देतो, त्याच्याकडे जावे. पहिल्या खेपेला मध्यम किंवा त्याहून थोडे कमी, न चढणारे पाणी निवडावे, अंगात नीट आवळलेले जाकीट आणि डोक्यावर शिरस्त्राण असावे. तेथे पोचल्यावर पुलाच्या खांबावर रंगवलेले आकडे दिसले तर पाहून ठेवावेत, नाहीतर पाण्याच्या कडेला एक काडी खोवावी. तयारी होईपर्यंत काडी बुडाली तर पाणी चढते आहे. त्या दिवशी काठावर बसून चहा प्यावा आणि घरी यावे.