मापाची लोकरी टोपी : विणकामातून गणिताचा पाठ

डोंगरी भागातील शाळांत पौषाच्या सकाळी कित्येक मुले कानांभोवती पंचा गुंडाळून येतात. अशा ठिकाणी हस्तव्यवसायाच्या तासाला लोकरीची टोपी विणावयास घेणे सर्वथा उचित होय. परंतु पुष्कळदा टाक्यांची एकच संख्या फळ्यावर लिहिली जाते व सारा वर्ग तितकेच टाके घालतो. महिन्याभराने कोणाची टोपी डोक्यात शिरत नाही, तर कोणाची डोळ्यांवर उतरते. मुलांची मेहनत आणि पालकांनी आणलेली लोकर दोन्ही वाया जातात, व आपल्याला विणता येत नाही असा ग्रह मूल करून घेते. वस्तुतः दोष त्याच्या हाताचा नसतो. डोके प्रत्येकाचे निराळे आणि विणही कोणाची घट्ट, कोणाची सैल. म्हणून ही संख्या शिक्षकाने सांगावयाची नसून प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः काढावयाची असते. सहावी-सातवीच्या मुलांना हे सहज साधते.

मापे घेणे

मुलांनी जोडीजोडीने परस्परांची दोन मापे घ्यावीत. पहिले माप भुवयांच्या किंचित वरून, डोक्याच्या मागील फुगीर भागावरून फिरवून घेतलेला घेर. दुसरे, कानाच्या पाळीपासून टाळूच्या मध्यापर्यंतची उंची. टेप नसल्यास सुतळी धरून ती फूटपट्टीवर मोजावी. समजा, घेर ५० सेंटिमीटर व उंची २० सेंटिमीटर आली. लोकरीची वीण ताणली जाते, म्हणून टोपीचा घेर डोक्याहून सुमारे दहा टक्के कमी, म्हणजे ४५ सेंटिमीटर धरावा. तसे न केल्यास टोपी सैल होऊन घसरते.

नमुना विणणे

यानंतर लगेच टोपी सुरू करू नये. टोपीसाठी जी लोकर व ज्या सुया घ्यावयाच्या, त्यांनीच सुमारे १४ सेंटिमीटरचा चौकोन विणून घ्यावा. मध्यम जाडीच्या लोकरीस आठ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीच्या सुया ठीक पडतात. सुयांच्या या जुन्या पद्धतीत क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते, हे मुलांना प्रत्यक्ष दाखवावे. नमुना धुऊन वाळवावा व कडा सोडून मधल्या १० सेंटिमीटरांत आडवे टाके किती आणि उभ्या ओळी किती, ते मोजावे. २० टाके व २८ ओळी आल्या असे समजू. टाका उंचीपेक्षा रुंद असतो, हे मुलांना येथे आपोआप कळते.

हिशेब

१० सेंटिमीटरांत २० टाके, तर ४५ सेंटिमीटरांत ९० टाके. शिवणीसाठी दोन अधिक धरून ९२ टाके घालावेत. काठाच्या ४ सेंटिमीटरांस एक सुलट, एक उलट अशी वीण करावी. पुढे एक ओळ सुलट व एक ओळ उलट विणत जावे. काठ धरून २८ ओळी झाल्या की १० सेंटिमीटर उंची भरते.

आता माथा आवळावयाचा. दोन्ही कडांचा एकेक टाका वगळून उरलेल्या ९० टाक्यांचे १५-१५ चे सहा भाग करावेत. प्रत्येक भागात १३ टाके सुलट विणून पुढील दोन एकत्र विणावेत. त्यानंतरची उलट ओळ घट न करता विणावी. पुढील सुलट ओळीत १२ विणून दोन एकत्र, मग ११ विणून दोन एकत्र, याप्रमाणे उतरत जावे. घटीच्या अशा १४ ओळी व मधल्या १४ मिळून २८ ओळी, म्हणजे उरलेले १० सेंटिमीटर होतात आणि सुईवर आठच टाके राहतात. त्यांतून लोकर ओवून आवळावी व टोपी मागून शिवावी.

चुकीचा उपयोग

एखाद्या मुलीची वीण घट्ट असून तिच्या नमुन्यात २२ टाके आले, तर तिने ९० टाक्यांवर विणलेली टोपी जेमतेम ४१ सेंटिमीटर भरेल. तिला ९९ टाके हवेत. परंतु सहाने भाग जावयास ९६ घ्यावेत की १०२? दोन्ही टोप्या डोक्यावर बसतील, एक थोडी घट्ट, एक थोडी सैल. हा निर्णय तिचा तिलाच करू द्यावा.

हिशेब चुकला तर शिक्षकांनी रागावू नये, की स्वतः सुया हाती घेऊन टोपी पुरी करून देऊ नये. प्रदर्शनाच्या मेजावर मोठ्यांनी विणलेली सुबक टोपी ठेवण्यात मुलाचा काही लाभ नाही. लोकर उसवता येते, लडी करून कोमट पाण्यात धुता येते व पुन्हा विणता येते. चूक नमुन्यात होती, मापात होती की गुणाकारात, हे मुलाने शोधावे आणि मगच पुन्हा टाके घालावेत. नवी लोकर परवडत नसेल तेथे घरातील जुना स्वेटर याच रीतीने उपयोगी पडतो.

१९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने शिक्षणाच्या केंद्रस्थानी उत्पादक हस्तोद्योग असावा, असा विचार मांडला. समप्रमाण, शेकडेवारी व भागाकार हे तिन्ही या एका टोपीत येतात, आणि उत्तर बरोबर आले की नाही ते मूल टोपी डोक्यावर घालून स्वतःच पाहते. दिवाळीच्या सुटीनंतर लगेच नमुने विणावयास घेतल्यास ऐन थंडीपूर्वी टोप्या तयार होतील.